पंच नसलेला खेळ, पंधरा वर्षांची मुलं आणि समोरचा खोटा कॉल: पंच आणावा का?

केतकी_पर्वरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूत रविवारी सकाळी आम्ही काही जण शाळकरी मुलामुलींना अल्टिमेट शिकवतो. आपण जिला फ्रिस्बी म्हणतो तीच १७५ ग्रॅमची डिस्क, पण खेळ सांघिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिस्क हातात आली की पळायचं नाही, एक पाय रोवून दहा मोजायच्या आत ती साथीदाराकडे फेकायची. खाली पडली किंवा समोरच्यांनी अडवली की ताबा त्यांचा. पलीकडच्या एंडझोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) आपल्या माणसाने झेलली की गुण. अंगाला अंग लावायचं नाही. आणि पंच नाही! जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही नाही. ज्याला फाऊल झाल्यासारखं वाटतं तो स्वतः 'फाऊल' ओरडतो, समोरचा मान्य करतो किंवा 'काँटेस्ट' (मान्य नाही) म्हणतो, दोघं थोडक्यात बोलतात आणि खेळ पुढे सुरू.

हल्लीच दुसऱ्या एका गटाशी सामना झाला. त्यांची मुलं झेल सुटला की फाऊल मागत होती. आमची मुलं समजूतदारपणे घेत राहिली आणि हरली. त्या संध्याकाळी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. पुढच्या वेळी पंच ठेवा, नाहीतर आमच्या मुलांनाही तसंच खेळायला शिकवा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

माझं मत ठाम आहे, पंच आणू नये. हा खेळ शिकवायचं निम्मं कारणच ते आहे. पण संघातल्या एका मुलीने मला विचारलं, "टीचर, मग खरं बोलणारे नेहमी हरणार ना?" तिला काय सांगाल?

फोंडेकर_भाऊ

पंच नाही म्हणजे भांडणाला आमंत्रण. आमच्याकडे गावच्या फुटबॉलमध्ये पंच असून, लाइन्समन असून, वर फेस्ताचा दिवस असूनसुद्धा सामना अर्धा तास थांबतो. पंच काढून टाकला तर सामना दुसऱ्या दिवशीच संपेल. :)

म्हापशाचा_बाबा

केतकीताई, मी तुमच्या ग्रुपमधला पालक नाही, पण पालक आहे म्हणून लिहितो. मुलगा रडत घरी येतो तेव्हा त्याला 'तू प्रामाणिक होतास' हे सांगून त्याचं समाधान होत नाही. त्या वयात न्याय झालेला दिसावा लागतो. शाळेत टीचर असते, खेळात पंच असतो. पंधरा वर्षांच्या पोरांवर एवढा भार कशाला?

चकती_वेडा

भाऊ, तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. पंच असूनही सामना थांबतो, कारण तिथे सगळा डाव पंचाला पटवण्याचा असतो. गुडघा धरून लोळायचं ते पंचासाठी. इथे लोळून दाखवायचं कोणाला? ज्याने धक्का दिला किंवा दिला नाही तोच समोर उभा असतो आणि काय घडलं ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

केतकी, आता तुमच्या सामन्याबद्दल. 'मुलं समजूतदारपणे घेत राहिली' म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? फाऊल मान्य केले? हे विचारतोय कारण नियमात इथे मोठा फरक पडतो. झेलताना फाऊल झाला आणि बचाव करणाऱ्याने मान्य केला, तर डिस्क झेलणाऱ्याला मिळते, जणू झेल पूर्ण झाला. त्याने काँटेस्ट केला आणि एकमत झालं नाही, तर डिस्क परत फेकणाऱ्याकडे जाते आणि तो डाव पुन्हा खेळला जातो. म्हणजे खोटा फाऊल मागणाऱ्याला काँटेस्ट झाल्यावरही एक फायदा होतोच, गेलेला ताबा परत मिळतो. हे लपवण्यात अर्थ नाही, मुलांनाही ते दिसतं. पण गुण मिळत नाही, पुढची जागा मिळत नाही. आणि फाऊल झालेलाच नसताना मान्य केला, तर त्याला सगळंच मिळतं.

फाऊल नव्हता असं मनापासून वाटत असेल तर तसं म्हणणं हे त्या खेळाडूचं कामच आहे. तुमची मुलं प्रामाणिक खेळली की भिडस्तपणे खेळली, हे आधी त्यांना विचारा.

ॲड_दिगंबर

एक कायदेशीर शंका. स्वतःच्या दाव्यात स्वतः न्यायाधीश होता येत नाही, हे न्यायाचं अगदी मूळ तत्त्व. इथे फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश तिघेही घामाघूम होऊन एकाच वाळूत उभे. हे टिकतं कसं?

चकती_वेडा

@ॲड_दिगंबर, टिकतं, कारण इथे कोणीच एकटा निकाल देऊ शकत नाही. कॉल करणारा फक्त खेळ थांबवतो. दुसरा मान्य करेपर्यंत त्याचं म्हणणं निकाल होत नाही. एकमत झालंच नाही तर वादाच्या आधीची शेवटची बिनवादाची फेक जिथून झाली तिथे डिस्क परत.

ॲड_दिगंबर

म्हणजे 'जैसे थे' आदेश! मग माझी हरकत निम्मी मागे घेतो. उरलेली निम्मी शिक्षेबद्दल. मुद्दाम नियम मोडणाऱ्याला दंड काय?

चकती_वेडा

जवळजवळ काही नाही, आणि ते विचार करून ठेवलंय. डिस्कच्या खेळांच्या जागतिक महासंघाचा (डब्ल्यूएफडीएफ) पहिलाच नियम सांगतो की कोणी मुद्दाम नियम मोडणार नाही असा विश्वास धरला आहे. म्हणून कडक शिक्षा नाहीत. नियम मोडला गेला नसता तर जे घडलं असतं, त्याच्या जवळात जवळ नेऊन खेळ सुरू करायचा. मुद्दाम फाऊल करणं, सूड म्हणून कॉल देणं, गुण मिळाल्यावर समोरच्याला खिजवणं, फसवून समोरच्याच खेळाडूकडून डिस्क मागणं, ही स्पिरिटचा, म्हणजे खेळाच्या खिलाडूवृत्तीचा, भंग करणारी उदाहरणं म्हणून नियमात नावानिशी लिहिली आहेत.

साखळीची_सुमन

आम्ही लहानपणी अंगणात लगोऱ्या खेळायचो तेव्हा कुठे होता पंच? चेंडू लागला की नाही यावर तावातावाने बोलायचो, शेवटी कोणीतरी 'बरं, परत घे' म्हणायचं. आईने खिडकीतून डोकं काढलं की मात्र वाद वाढायचा, कारण मग प्रत्येक जण आईकडे तक्रार घेऊन जायचा. मोठं माणूस मध्ये आलं की मुलं एकमेकांशी बोलणं सोडतात, हे मी शाळेत नोकरी करतानाही बघितलं.

फोंडेकर_भाऊ

सुमनताई, लगोऱ्यांत बक्षीस नव्हतं. बक्षिसाचे पैसे लावा आणि मग बघा किती जण 'परत घे' म्हणतात.

परदेशी_पेडणेकर

भाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, खेळाच्या माहेरीच त्यावर मतभेद आहेत. १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये हा खेळ सुरू झाला, तोही विद्यार्थ्यांनीच सुरू केलेला. पण आज तिथल्या मोठ्या स्पर्धांत 'ऑब्झर्व्हर' असतात. खेळाडूंचं एकमत झालं नाही तर ते निकाल देतात, रेषेच्या आत-बाहेरचे निर्णयही देतात. २०१२ पासून तिथे जी व्यावसायिक लीग चालते तिच्यात तर सरळ पंच आहेत. गंमत म्हणजे त्या लीगलाही प्रामाणिकपणासाठी एक नियम ठेवावा लागला. पंचाने माझ्या बाजूने चुकीचा निर्णय दिला तर मी स्वतः तो माझ्याविरुद्ध फिरवू शकतो.

जागतिक स्पर्धांत महासंघ 'गेम ॲडव्हायझर' ठेवतो. विचारलं तर तो आपलं मत सांगतो, निकाल देत नाही. म्हणजे पंच असणं आणि नसणं यांच्या मध्येही बऱ्याच पायऱ्या आहेत.

मी इथे डिस्क गोल्फ (चेंडूऐवजी डिस्क फेकून खेळायचा गोल्फ) खेळतो. तिथेही पंच बरोबर फिरत नाही. चार जणांचा गट एकमेकांवर नजर ठेवतो, आणि गटात बहुमत झालं नाही तर संशयाचा फायदा फेकणाऱ्याला.

निशा_मडगाव

आतापर्यंत सगळे 'खोटं बोलणारा' याच्याभोवती फिरताय. मी मिश्र संघात खेळते आणि माझा अनुभव वेगळा आहे. खोटं बोलणारे फार थोडे भेटतात. मोठ्याने बोलणारे पुष्कळ भेटतात.

नेहमीचं चित्र सांगते. मी कट मारून (एकदम दिशा बदलून पळत) मोकळी होते, डिस्क माझ्याकडे येते, मागून येणाऱ्याचा हात माझ्या दंडावर बसतो आणि डिस्क सुटते. मी फाऊल म्हणते. तो लगेच "अगं कुठे? लागलंच नाही!" म्हणत दोन्ही हात वर करतो. त्याचे दोन मित्र बाजूने धावत येतात, "सोड गं, खेळूया, वेळ जातोय." नियमाप्रमाणे बाकीच्यांनी उगाच पडायचं नाही त्यात. बोलायचं ते ज्यांच्यात घडलं त्यांनी, किंवा ज्याला ते नीट दिसलं त्याने. पण तीन उंच मुलगे भोवती उभे असले की नवीन आलेली मुलगी कॉल मागे घेते. त्याला सगळे 'चांगलं स्पिरिट' म्हणतात! मला ते अजिबात चांगलं वाटत नाही. तिला गप्प बसवलं गेलंय.

पंच नसलेल्या खेळात प्रत्येकाला सारखा आवाज आहे असं आपण अभिमानाने सांगतो. मग तो आवाज द्यायलाही हवा. आमच्या संघात आता कॉल झाला की बाकीचे जागच्या जागी थांबतात, कोणी जवळ जात नाही. कॉल करणारी आधी बोलते, मग समोरचा. एवढ्यानेच खूप फरक पडला.

केतकी, तुझ्या संघात कॉल मान्य करणाऱ्यांत मुली किती होत्या, बघ एकदा.

चकती_वेडा

निशा, शंभर टक्के. प्रतिस्पर्ध्यालाही बोलायला वाव द्या, आपलं म्हणणं थोडक्यात मांडा, आदराने बोला, हे सगळं पहिल्याच नियमात खेळाडूचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. लोक तेवढं पान सोडून थेट स्टॉल काउंटवर (दहा मोजायच्या नियमावर) जातात.

आगोंदचा_किनारा

थोडं अवांतर. वाळूत खेळणाऱ्यांना विनंती. किनारा रिकामा दिसतो म्हणून तो मैदान होत नाही. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढतात तिथे दोर वाळूवर लांबवर पसरलेला असतो, त्यावरून उड्या मारत खेळू नका. आणि थंडीच्या दिवसांत मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या बाजूला कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या जागेपासून डिस्क लांबच ठेवा. वारा असला तर ती कुठेही जाते.

सुशेगाद_सावंत

वाऱ्यावरून आठवलं, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की आमच्याकडे सगळ्यात मोठा खोटारडा तोच. डिस्क रेषेच्या आत होती की बाहेर, त्याला विचारून सांगतो.

केतकी_पर्वरी

@आगोंदचा_किनारा, मिरामारला आम्ही ओहोटीची वेळ बघून उतरतो. ओल्या घट्ट वाळूत रेषाही आखता येतात. रापणवाल्यांबद्दलची सूचना मुलांपर्यंत पोचवते.

@चकती_वेडा, @निशा_मडगाव, तुम्ही विचारलंत म्हणून काल मुलांना बसवून विचारलं, तेही 'कोण चुकलं' असं न विचारता, एकेक प्रसंग घेऊन. तुमचा अंदाज बरोबर निघाला. अर्ध्याहून जास्त वेळा त्यांना फाऊल झाला असं वाटतच नव्हतं. "वाद नको म्हणून हो म्हटलं", "तो फार मोठ्याने बोलत होता", "काँटेस्ट म्हणणं म्हणजे भांडण ना टीचर?" अशी उत्तरं. आणि हो निशा, त्यात मुली जास्त. एका मुलाला तर काँटेस्ट केल्यावर पुढे काय होतं हेच माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, काँटेस्ट हरलो तर दंड बसतो.

फोंडेकर_भाऊ

म्हणजे समोरची पोरं लबाड नव्हती, तुमची पोरं घाबरट होती?

केतकी_पर्वरी

दोन्ही शब्द नको, भाऊ. समोरच्यांचे काही कॉल अगदीच ओढूनताणून होते, हे मी अजूनही म्हणेन. पण त्यांनाही नियम धड माहीत होते का, अशी शंका आता येते. झेल सुटताना हात हाताला लागला म्हणजे फाऊल, एवढंच त्यांना ठाऊक असावं. त्या स्पर्शाने झेल होण्या-न होण्यात फरक पडला असेल तरच कॉल द्यायचा, हे सांगितलेलं दिसत नव्हतं.

इतिहासप्रेमी_काणकोण

क्रिकेटवाल्यांनीही एकदा हे करून दाखवलंय. १९८० चा मुंबईचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं होतं. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथला वाटलं की चेंडू बॅटला लागलाच नाही, त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने मग मोठी भागीदारी रचली आणि भारत दहा गड्यांनी हरला.

म्हापशाचा_बाबा

बघा! हरलाच शेवटी. त्या मुलीचा प्रश्न तिथेच आहे.

इतिहासप्रेमी_काणकोण

बाबा, हरला हे खरं. पण आज त्या सामन्यातलं काय आठवतं लोकांना? बोथमची कामगिरी आणि विश्वनाथचा निर्णय. आणि दुसरा मुद्दा, तिथे पंच होता. बोट वर गेलं होतं. पंच असल्यामुळे खेळाडूची जबाबदारी संपली असं विश्वनाथला वाटलं नाही.

साखळीची_सुमन

त्या मुलीला 'हरलीस तरी लोक आठवतील' असं नका सांगू बाई. पंधराव्या वर्षी ते पटत नाही आणि पटूही नये. तिने खरं बोलून जिंकावं असंच आपल्याला वाटतं ना? मग जिंकण्याची साधनं तिच्या हातात द्या. नियम पाठ, आवाज मोकळा.

बंगळुरूहून_परत

मी नोकरीनिमित्त बंगळुरूला असताना खेळायला लागलो, चेन्नईच्या किनाऱ्यावरच्या स्पर्धाही खेळलो. एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही, ती म्हणजे स्पिरिट स्कोअर. सामना संपला की प्रत्येक संघ समोरच्या संघाला पाच गोष्टींवर गुण देतो: नियमांचं ज्ञान आणि वापर, फाऊल आणि अंगस्पर्श, निःपक्षपणा, वृत्ती आणि स्वतःवरचा ताबा, संवाद. प्रत्येकी ० ते ४, एकूण २०. स्पर्धेत सर्वांत जास्त सरासरी मिळवणाऱ्या संघाला वेगळं बक्षीस असतं आणि ते घेताना टाळ्या विजेत्यांपेक्षा कमी पडत नाहीत, हे स्वतः बघितलंय.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, आपल्याकडे गुण म्हटलं की परीक्षा आठवते. २ म्हणजे चांगलं, नेहमीसारखं. त्यामुळे सगळीकडे २ मिळाले तर बेरीज १० येते आणि तो उत्तम सामना असतो. पण मुलं २० पैकी १० बघून तोंड पाडतात, आणि मोठी माणसं उदारपणे सगळ्यांना १८ वाटत सुटतात. मग त्या आकड्यातून काहीच कळत नाही. दुसरा खड्डा, हरल्यावर रागाने शून्य देणं. म्हणून गुण संघाने एकत्र बसून द्यावेत, आणि ०, १ किंवा ४ दिला तर कारण लिहावं.

शिवाय सामन्यानंतर दोन्ही संघ खांद्यावर हात टाकून मिसळून एक रिंगण करतात. काय आवडलं, काय खटकलं, ते तोंडावर बोलायचं. केतकी, त्या दिवशी असं रिंगण झालं होतं का?

केतकी_पर्वरी

नाही झालं. ऊन चढलं होतं आणि त्यांची बस उभी होती.

बंगळुरूहून_परत

मग ग्रुपवर भांडण होणारच. जे रिंगणात पाच मिनिटांत बोलून संपलं असतं, ते पालकांनी रात्रभर चालवलं. बस थांबवा, पण रिंगण सोडू नका.

ॲड_दिगंबर

वकील म्हणून सांगतो, निम्मे दावे फक्त समोरासमोर न बसल्यामुळे कोर्टात येतात.

निशा_मडगाव

अजून एक, खेळताना वापरायचं. संघातला एक जण स्पिरिट कॅप्टन असतो. खेळ तापला की दोन्ही संघांचे स्पिरिट कॅप्टन बोलतात. तेही जमलं नाही तर स्पिरिट टाइमआउट घ्यायचा, दोन्ही संघ मैदानाच्या मध्ये येऊन बोलतात. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट: आपल्याच साथीदाराने चुकीचा कॉल दिला तर त्याला सांगणं, हे नियमात चांगल्या स्पिरिटचं उदाहरण म्हणून दिलंय. समोरच्याने सांगितलं तर अहंकार दुखावतो. आपल्या माणसाने हळूच "अरे, नव्हता रे फाऊल" म्हटलं की तो कॉल मागे घेतो. खोट्या कॉलवर यापेक्षा जालीम औषध मी तरी बघितलं नाही.

फोंडेकर_भाऊ

हे मात्र मानलं. आमच्या फुटबॉलमध्ये आपल्याच खेळाडूला असं म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी संघात घेणार नाहीत.

तरी एक विचारतो. समोरचा खरोखरच लबाड असेल, दर वेळी करत असेल, तर?

चकती_वेडा

तर त्याचा पुरता बंदोबस्त मैदानात होत नाही, हे मान्य करूया. काँटेस्ट करत राहायचं, त्याच्या कॅप्टनशी बोलायचं, स्पिरिट टाइमआउट घ्यायचा, शेवटी स्कोअरमध्ये कारणासकट लिहायचं. तो सामना कदाचित जाईलही. पण इथे खेळणारे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येकाला प्रत्येकाशी पुन्हा खेळायचंय, कदाचित उद्या एकाच संघातून. कोण कसे कॉल देतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि अशा माणसाला संघ मिळणं कठीण होतं. मोठ्या बक्षिसाच्या खेळात हे पुरत नाही, म्हणूनच तिकडे ऑब्झर्व्हर आले. आपल्याला तूर्त त्याची गरज नाही.

म्हापशाचा_बाबा

माझं मत थोडं बदललं. पंच नको, पण पहिल्या काही सामन्यांना नियम जाणणारं कोणीतरी मोठं माणूस बाजूला असावं, मुलांनी विचारलं तरच बोलणारं. पेडणेकरांनी सांगितलेल्या ॲडव्हायझरसारखं.

केतकी_पर्वरी

बाबा, हे मला पूर्ण पटलं आणि नियमातही बसतं. खेळाडू बाहेरच्या माणसाला नियम विचारू शकतात, निर्णय मात्र त्यांचाच.

तर असं ठरवतेय. पंच नाही. त्याच गटाला परत बोलावलंय आणि त्यांचे प्रशिक्षक लगेच हो म्हणाले. खेळण्याआधी दोन्हीकडची मुलं एकत्र बसतील आणि फाऊल, काँटेस्ट, पिक (बचाव करणाऱ्याच्या वाटेत दुसरा खेळाडू येणं), ट्रॅव्हल (डिस्क हातात असताना रोवलेला पाय हलवणं) यांचे प्रसंग जोडीजोडीने करून बघतील. प्रत्येक मुलाने किमान एकदा मोठ्याने 'काँटेस्ट' म्हणायचं आणि आपलं म्हणणं दोन वाक्यांत सांगायचं. नंतर सामना, मग रिंगण, आणि बस त्यानंतर.

त्या मुलीला मी सांगितलं की तू त्या दिवशी खरं बोललीच नव्हतीस, गप्प बसली होतीस. रागावली माझ्यावर. पण दोन दिवसांनी नियमांचं पुस्तक घेऊन गेली आणि आता रोज एक प्रश्न पाठवते. आजचा प्रश्न: झेलताना पाय रेषेवर पडला तर आत की बाहेर?

चकती_वेडा

बाहेर. रेष मैदानाचा भाग नाही. आणि तिला म्हणावं, पाय कुठे पडला हे ज्याला नीट दिसलं त्याने सांगायचं, मग तो कुठल्याही संघाचा असो.

साखळीची_सुमन

मुलांसाठी नियम सोप्या मराठीत लिहून हवे असतील तर मी बसते. चकती_वेडा, तपासून द्याल का?

चकती_वेडा

आनंदाने. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

फोंडेकर_भाऊ

रविवारी किती वाजता? भाचीला घेऊन येतो. मी बाजूला बसेन, विचारल्याशिवाय बोलणार नाही.

केतकी_पर्वरी

या भाऊ, साडेसहाला. ओहोटी आहे. भाचीला पाण्याची बाटली आणि टोपी द्या, बूट लागत नाहीत.